आधी कान, मग पाना

पहाटेचे चार वाजलेले. ब्राह्मणवाड्याकडच्या एखाद्या मळ्यात टोमॅटोची साठेक कॅरेट रात्रीच पिकअपमध्ये रचून ठेवलेली, दोरी आवळलेली, वर ताडपत्री. नारायणगावच्या बाजारात वेळेत पोचायचं म्हणून सगळं घर जागं. ड्रायव्हर चावी फिरवतो आणि बोनेटखालून एकच आवाज येतो, टक. पुन्हा फिरवतो, पुन्हा टक. मग अंधारात जो दरबार भरतो तो अकोले तालुक्यातल्या कुठल्याही गाडीमालकाच्या ओळखीचा आहे. थोरल्या काकांच्या मते बॅटरी उतरली. पुतण्याच्या मते सेल्फ गेला. शेजारचा ट्रॅक्टरवाला ठामपणे सांगतो की पंपानं हवा धरली, त्याच्या ट्रॅक्टरला परवाच तसं झालं होतं. अकोल्यातल्या मिस्तरीला फोन लागतो. तो झोपेतच "धक्का मारून बघा" म्हणतो आणि कूस बदलतो. चार मतं झाली. बॅटरीच्या टर्मिनलला हात अजून कुणी लावलेला नाही.

टोमॅटो कुणासाठी थांबत नाही. २०२३ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी हाच माल भाव नाही म्हणून रस्त्यावर ओतला आणि त्याच वर्षी जुलैत तो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. इतक्या लहरी बाजारात चार तासांचा उशीर म्हणजे हिशेबाच्या वहीतलं एक अख्खं पान. म्हणून सकाळी आठ वाजता मिस्तरी आला की मालकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "काय बदलायचं ते बदला, पण गाडी उठवा." जुन्या पिकअपचा अर्धा खर्च या एका वाक्यातून सुरू होतो.

अकोल्यात पिकअप म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी तिच्यात दुधाचे कॅन असतात, दुपारी खताच्या गोण्या, लग्नसराईत वऱ्हाड, आणि रात्री-बेरात्री राजूर किंवा संगमनेरच्या दवाखान्यात न्यायचा पेशंटही. बोलेरोची पिकअप, टाटांची २०७, छोटा हत्ती, एखादी अजून तग धरून असलेली ट्रॅक्स. बारा-पंधरा वर्षांची गाडी इथे म्हातारी समजली जात नाही, फार तर अनुभवी.

या गाड्यांचं माहेरही लांब नाही. बारी गावातून कळसूबाई चढलं की पलीकडचा उतार इगतपुरी तालुक्यात जातो, आणि तिथे महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. बोलेरो नाशिकला जुळते. डिझेल इंजिनाचं नोझल ज्या मायको कंपनीच्या नावानं खेड्यापाड्यात ओळखलं गेलं, तिचाही कारखाना नाशिकलाच. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी नाशिककर मायको सर्कलच म्हणतात. छोटा हत्ती २००५ मध्ये पुण्यातून बाहेर पडला. म्हणजे इंजिन डोंगरापलीकडचं, नोझल शेजारच्या जिल्ह्यातलं, आणि गाडी रुसून बसते ती मात्र विठा घाटाच्या पायथ्याशी.

एवढं सगळं हाताच्या अंतरावर असून गाडीचा रोग ओळखायची रीत काही आपण अंगी लावून घेतलेली नाही. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, शेपटीखाली हात घालतो, तासभर घासाघीस करतो. तोच माणूस पिकअप बंद पडली की काही न बघता सहा-सात हजारांची बॅटरी आणतो. ती लावूनही गाडी उठली नाही की सेल्फ बांधून घेतो. त्यानंतर पाळी पंप-नोझलची, आणि तो आकडा पाच अंकी असतो. शेवटी सापडतं काय, तर इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली.

ही पट्टी हा जुन्या गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग असावा. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं, त्यामुळे बॅटरीचा करंट सेल्फमधून जाऊन परत येण्यासाठी तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीवर भरवसा ठेवलेला असतो. क्लचचं काम काढताना ती सुटते, जोडताना तिच्या बोल्टखाली माती राहते, किंवा चार पावसाळ्यांत ती हिरवी पडते. मग सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेनं परत यायला बघतो, कधी ॲक्सिलरेटरच्या तारेतून, कधी क्लचच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर बॅटरीच्या दुकानाकडे वळायचं कारणच उरत नाही. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायचा. गाडी झपकन फिरली तर निदान झालं. खर्च शून्य.

बॅटरीचंही तसंच. हेडलाइट लावून एकानं सेल्फ मारावा, दुसऱ्यानं समोर उभं राहावं. दिवे विझायला आले आणि 'टकटकटक' असा आवाज येत राहिला तर बॅटरी कमी आहे किंवा टर्मिनल धरत नाही. दिवे लख्ख राहिले आणि एकच 'टक' झाला तर बॅटरीवरचा संशय कमी करावा आणि सेल्फच्या सोलेनॉइडकडे, कार्बन ब्रशकडे बघावं. मीटर असेल तर प्रश्नच मिटतो. काही शे रुपयांचा हा डबा हल्ली मोटारपंप आणि मोबाइल दुरुस्तीमुळे बऱ्याच घरांत असतोच. थांबलेल्या गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या पुढे दाखवते, सव्वाबाराला ती अर्धी उतरलेली असते, आणि सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर ती भार पेलत नाही किंवा सेल्फ जास्त करंट खातो. गाडी चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसत नसेल तर दोष डायनॅमोचा. नवी बॅटरी आणली तरी ती आठवड्यात झोपेल.

लाकडाच्या ठोकळ्यानं सेल्फवर हलकेच ठोकायची जुनी युक्ती खोटी नाही. अडकलेला ब्रश सुटतो, गाडी उठते. पण ती एका फेरीची सोय. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर आडवा घालून सेल्फला थेट करंट देण्याची जी मर्दुमकी रस्त्याकडेला दिसते, ती मात्र बंद झालेली बरी. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते, आणि ठिणग्या बॅटरीजवळ उडत असतात.

आता दुसरा प्रकार: सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. इथे अकोल्यातल्या गप्पा थेट पंपावर घसरतात. त्याआधी एका माणसानं मोबाइलचा टॉर्च लावून सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहावं. एवढ्यानंच अर्धं काम होतं. दहा सेकंद सेल्फ मारूनही धुराचा लवलेश नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर भपकन येत असेल, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. पहिल्या प्रकारात टाकी, पाइप, फिल्टर, पंप ही वाट शोधायची. दुसऱ्यात उष्णता, कॉम्प्रेशन आणि टायमिंग. या दोन वाटा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की धूर न बघता पाना हातात घेणारा मिस्तरी निम्म्या वेळा उलट दिशेला चाललेला असतो.

कारण साधं आहे. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानं १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीच नाही. आत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या अठराव्या-विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि नोझलनं फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: हवा पुरेशी दाबली जावी, सेल्फ पुरेशा वेगानं फिरावा, आणि डिझेल बुडबुड्याशिवाय, धुक्यासारखं, वेळेवर आत यावं. पेट्रोल जीपचा चोक आणि पॉइंट यांच्यावर हात बसलेली मिस्तऱ्यांची पिढी आता निवृत्त झाली. डिझेलला तिची हत्यारं लागत नाहीत, कान मात्र तेच लागतात.

'हवा धरली' हा आजार सर्वांत जास्त गाजलेला आणि सर्वांत कमी बरा केलेला. लक्षण ठरलेलं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या झटक्यात चालू होते, अर्धा मिनिट चालते आणि गुदमरून बंद पडते. पाइपमध्ये होतं तेवढं डिझेल जळलं आणि मागून हवा आली. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढून घेतलं जातं, म्हणून तिथल्या बारीक फटीतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमिनीवर थेंब दिसत नाही म्हणून मालक म्हणतो, गळती नाहीच. गळती असते, आतल्या बाजूला.

ती बहुतेकदा फिल्टर बदलल्यानंतर सुरू होते. फिल्टरच्या बोल्टाखाली तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर असतात. ते एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत, पण पाच-दहा रुपये वाचवायला तेच परत घातले जातात. मग ड्रायव्हर रोज सकाळी स्क्रू ढिला करतो, फिल्टरवरचा हँडपंप दाबतो, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हवा काढतो आणि गाडी चालू करतो. काही दिवसांनी त्याला या कलेचा अभिमानही वाटू लागतो. खरं तर ज्या गाडीची हवा रोज काढावी लागते, तिचा दोष अजून कुणी शोधलेलाच नसतो. शोधायला फार काही लागत नाही. फिल्टरकडे येणाऱ्या पाइपच्या जागी वीतभर पारदर्शक नळी जोडायची. इंजिन चालू असताना तिच्यातून मण्यांसारखे बुडबुडे पळताना दिसले की मागच्या बाजूचा एकेक जोड तपासत जायचं. डोंगरातल्या लोकांना तर आणखी सोपी चाचणी आहे. गाडी नाक वर करून चढावर लावली की डिझेल टाकीकडे उतरतं. एक रात्र ती उलटी, नाक खाली करून लावावी. सकाळी न कुरकुरता चालू झाली, तर हवेचा संशय पक्का.

रोटरी पंपाच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते. चावी ऑन केली की पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टिक' असा बारीक आवाज यायला हवा. त्याची एक वायर निसटली, उंदरानं कुरतडली किंवा फ्यूज उडाला, की पंप धडधाकट असूनही डिझेल सोडत नाही. पावसाळ्यात भाताच्या लावणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी संसार थाटलेला असणं ही पश्चिम अकोल्यात नवलाची गोष्ट नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे तर पाण्याचं सांगायला हवं. घाटघर-रतनवाडी हा राज्यातला सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. डांगी जनावराच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून ते या पावसात टिकतं. निसर्गानं पिकअपला ती सोय दिलेली नाही. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा, रात्रीचा गारठा, की टाकीच्या आतल्या पत्र्याला दव धरतं आणि ते डिझेलखाली साचतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. त्यात पेट्रोलपंप लांब म्हणून कॅनमध्ये आणून ठेवलेलं डिझेल आणि त्या कॅनचं हरवलेलं झाकण. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू कंपनीनं दिलेला असतो. किती गाड्यांत तो पहिल्यापासून एकदाही फिरवला गेलेला नाही, हे त्याच्यावर चढलेल्या गंजाच्या थरावरून कळतं. तो ढिला करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि दहा मिनिटं ठेवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर पंप खोलायच्या आधी टाकी धुवायची. पावसाळ्यात टाकी रात्री भरलेली ठेवणं हा त्यावरचा फुकटचा उपाय. पैसे तर कधीतरी भरायचेच असतात.

भेसळीचा एक काळा अध्याय याच पट्ट्यानं जवळून पाहिला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीत इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचं नुकसान गाडीचे पंप दुरुस्त करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. डिझेल हेच पंपाचं आणि नोझलचं वंगण असतं. रॉकेल त्या कामाला पातळ पडतं आणि आतले घासून चालणारे भाग झिजतात. झिजलेला पंप थंड असताना कसाबसा दाब देतो आणि गरम झाला की नाही. त्यामुळे सकाळी झटक्यात उठणारी, पण चहाला थांबल्यावर पुन्हा चालू न होणारी गाडी दिसली, तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. फक्त तो शेवटचा संशय असावा, पहिला नको.

पांढऱ्या धुराचं दुखणं थंडीत वाढतं. भंडारदऱ्याच्या बाजूला डिसेंबरच्या पहाटे इंजिनचं लोखंड इतकं गार असतं की दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेतं. त्यासाठी हीटर प्लग. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन प्लग गेले की गाडी दोन सिलिंडरवर उठते, गदगदा हलते, अंगण पांढरं करते आणि दोन मिनिटांनी शहाण्यासारखी चालू लागते. नोझल बदलायचा सल्ला इथे हमखास मिळतो. एका वायरला जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब घेऊन चारही प्लग पाच मिनिटांत तपासता येतात, तेवढं आधी करावं. प्लग ठीक निघाले आणि गाडी गरम झाल्यावरही धूर हटला नाही, तर कॉम्प्रेशन मोजायचं. मोजायचं म्हणजे गेज लावून मोजायचं. चारही सिलिंडरचा आकडा कागदावर लिहिलेला नसताना इंजिनचं काम काढू देणारा मालक स्वतःहून खिसा कापून घेतो.

चालू होणं जमलं, तरी स्लो स्पीडला उभं राहणं ही वेगळी परीक्षा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण साडेसातशे-आठशे फेऱ्यांवर एका लयीत चालायला हवं. जुन्या गाडीची लय दोन प्रकारे बिघडते. एक म्हणजे हंटिंग, आवाज आपोआप वर-खाली होत राहतो, झोपाळ्यासारखा. तिथे पुन्हा हवा, तुंबलेला फिल्टर किंवा पंपातला गव्हर्नर. दुसरं मिसिंग, ठराविक अंतरानं पडणारा खड्डा. तिथे एखादा सिलिंडर काम करत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत जाणता मिस्तरी नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून जरासे ढिले करतो. ज्या नटानं आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. ही तपासणी ऐकायला मौज वाटते, आणि ती करणाऱ्याच्या चेहऱ्यावर तबला लावणाऱ्याची एकाग्रता असते.

पण बहुतेक ठिकाणी होतं काय, तर पंपावरचा स्लो स्पीडचा स्क्रू दोन आटे पिळला जातो. रेस वाढली, थरथर दिसेनाशी झाली, गाडी बंद पडायची थांबली, मालक खूश. तापाचं कारण न शोधता सलाईन लावून घेण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तिचाच हा गॅरेजमधला अवतार. डिझेल जास्त जळतं, दोष आत तसाच राहतो, आणि सहा महिन्यांनी तोच दोष मोठा होऊन येतो. उलट टोकही आहे. इंजिन एकसारखं चालतंय, पण केबिन थरथरतं, आरसे नाचतात. तिथे नोझल उतरवलं जातं आणि गुन्हेगार असतं फाटलेलं इंजिन फाउंडेशन. छोट्या हत्तीचं जुनं ७०२ सीसीचं इंजिन तर मुळात दोनच सिलिंडरचं. ते उभ्या जागी हलणारच. त्याला बोलेरोसारखं शांत करायच्या नादात खर्च झालेला पैसा कुठल्याही खात्यावर परत येत नाही.

इथवरचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांचं. गेल्या पंधराएक वर्षांतल्या पिकअपमध्ये कॉमन रेल आलं आणि नियम बदलले. या गाड्यांत नळीतला दाब हजार बारच्या पुढे जातो. पिकअपच्या टायरमधली हवा पाच बारचीही नसते. नट ढिला करून मिसिंग शोधायची ती जुनी पद्धत इथे जीवघेणी आहे. सुईच्या अग्रासारखी धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि पुढे हात गमवायची वेळ येऊ शकते. या गाडीला स्कॅनर लागतो. पण स्कॅनरनं दाखवलेला कोड म्हणजे निदान नव्हे, हेही तितकंच खरं. 'रेलमधला दाब कमी' असं स्क्रीनवर आलं म्हणून दाब मोजणारा सेन्सर बदलणारे आहेत, आणि दाब खरोखरच कमी असतो, कारण फिल्टर तुंबलेला असतो. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला की हीच गाडी स्लो स्पीडला गुदमरते, काळा धूर टाकते. साफ करून भागणारी वस्तू बदलून नवी घातली जाते.

आणि धक्का? चाळिशीपुढच्या प्रत्येकाला कधीतरी लाल डब्याला धक्का मारल्याचं आठवतं, त्यामुळे आपला त्याच्यावर फार जीव. मेकॅनिकल पंपाची गाडी धक्क्यानं उठते. कॉमन रेलच्या गाडीत बॅटरी अगदीच मेलेली असेल तर संगणकच जागा होत नाही आणि चार माणसांचा घाम वाया जातो. खरा धोका उताराचा आहे. सेल्फ गेलेली गाडी मुद्दाम उतारावर उभी करायची आणि सकाळी ब्रेक सोडून ढकलत न्यायची, ही घाटातल्या गावांची सवय. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठा संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. गाडी त्या उतारावर चालू झालीच नाही तर पुढे विठा घाटाचं वळण असतं आणि पाठीवर टनभर माल.

वाहतुकीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. त्यात ब्रेक, दिवे, धूर बघितला जातो आणि ते योग्यच आहे. पण गाडी रोज पहाटे कशी उठते हे त्या कागदावर नसतं. ते मालकानं आणि मिस्तरीनंच बघायचं असतं, आणि या दोघांमधला व्यवहार मुळात चुकीच्या पायावर उभा आहे.

म्हैस आजारी पडली की आपण जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. तो तपासतो, फी घेतो, औषध वेगळं. त्यानं नुसतं तपासून "काही नाही, दोन दिवस पेंड बंद करा" म्हटलं तरी फी दिली जाते. मिस्तरीनं मात्र तासभर कान लावून, मीटर लावून, दहा रुपयांचा वायसर बदलून गाडी ठीक केली, तर त्याला पन्नास रुपये देतानाही हात आखडतो. "केलं काय तू? एक वायसर तर टाकला." त्यानं पंप उतरवून आठ दिवस संगमनेरला पाठवला असता, तर हजारोंचं बिल न कुरकुरता चुकतं झालं असतं. माणूस ज्याचे पैसे मिळतात ते काम करतो. निदानाचे पैसे मिळत नाहीत म्हणून निदान होत नाही, आणि सुट्या भागांवर चार पैसे सुटतात म्हणून भाग बदलले जातात. मिस्तऱ्यांना लबाड म्हणणं सोपं आहे. लबाड असतीलही काही. पण त्यांना तसं वागायला लावणारा दर आपणच ठरवला आहे.

म्हणून गॅरेजवाल्यांनी तपासणीचा दर लिहून भिंतीवर लावावा, दोनशे म्हणा, तीनशे म्हणा, आणि मालकांनी तो घासाघीस न करता द्यावा. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात यावा. कॉम्प्रेशनचा, व्होल्टेजचा आकडा बिलावर लिहिलेला असावा. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो. तिथून बाहेर पडणाऱ्या पोराला गॅरेजमध्ये पहिली दोन वर्षं टायर खोलायला आणि चहा आणायला लावण्याऐवजी मीटर आणि स्कॅनर हातात द्यावा. उस्तादाचा कान आणि पोराचा मीटर एकाच बोनेटवर वाकले तर दोघांचंही भलं होईल. एका गॅरेजला चांगला स्कॅनर परवडत नसेल, तर राजूर-कोतूळच्या चार गॅरेजांनी मिळून एक घ्यायला काय हरकत आहे? ट्रॅक्टर, मळणीयंत्र भागीत घेणारा हा तालुका आहे.

मालकांसाठी काम त्याहून कमी आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिरवणं. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावणं. अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट वर्षातून एकदा खोलून घासणं. फिल्टर बदलताना नवे वायसर मागून घेणं. आणि गाडी रुसली की फोन लावण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवणं: आवाज कोणता आला, धूर कोणत्या रंगाचा होता, रात्री गाडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती. ही तीन उत्तरं फोनवर मिळाली तर झोपेतला मिस्तरीसुद्धा "धक्का मारा" म्हणणार नाही.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "पंप गेलाय" असं कुणी सांगितलं, तर "किती लागतील?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, "कशावरून?" त्याचं नीट उत्तर देणारा माणूस सापडला, तर त्याच्या तपासणीचे पैसे तिथेच, रोख द्या.